जमिनीखालचा गोवा कोणाच्या वहीत आहे?

प्रति,
गोव्यातले रस्ते खोदणाऱ्या सर्व खात्यांचे मुख्य अभियंते, आणि खोदकामाच्या परवान्यावर सही करणारे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी केबल जॉइंटर. म्हणजे होतो, गेल्या वर्षी डोळ्यांनी दगा दिला म्हणून थांबलो. 29 वर्षे ठेकेदारांच्या हाताखाली 11 आणि 33 केव्हीच्या जमिनीखालच्या केबली जोडल्या, फोंड्यापासून पेडण्यापर्यंत. हे काम बसून करायचे असते. खड्ड्यात गोणपाट अंथरायचे आणि केबलचे एकेक साल सोलत जायचे. बाहेरचे काळे आवरण, त्याखाली पोलादी पट्ट्या, मग आतले आवरण, मग तांब्याची पट्टी, मग काळा पातळ थर, आणि त्याखाली, आतल्या तारेला वेढून, दुधासारखे पांढरे एक्सएलपीई, म्हणजे वीज बाहेर फुटू न देणारे प्लास्टिक. त्या पांढऱ्यावर ब्लेडचा एक ओरखडा राहिला तरी जॉइंट आज ना उद्या जातोच. जातो तो नेमका पावसात, रात्री दोन वाजता.

या 29 वर्षांत माझ्याकडे एक वही तयार झाली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, दोनदा भिजून फुगलेली. कुठला जॉइंट कुठे पुरला ते मी त्यात लिहीत गेलो. लिहायला कोणी सांगितले नव्हते; पण पुढच्या वर्षी तोच जॉइंट शोधायला मलाच बोलावणार हे ठाऊक होते. नोंदी अशा: ‘तिसऱ्या मोरीपासून 11 पावले, चिऱ्याच्या गडग्याला लागून, खोली कमरेएवढी, खालून पाण्याची लाइन.’ काम सोडले तरी अजून महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो. परवा एका खात्यातल्या तरुण अभियंता मुलीचा आला. “काका, जरा वही बघता का? साइटवर जेसीबी उभा आहे.” मी चष्मा शोधला, पान काढले, सांगितले. तिने आभार मानून फोन ठेवला आणि मला घाम फुटला. तो रस्ता रुंद होऊन चार वर्षे झाली. मोऱ्या नव्या बांधल्या. माझी तिसरी मोरी आता दुसरी आहे की चौथी, मला काय ठाऊक? लगेच उलट फोन लावला आणि म्हटले, बाई, माझ्या शब्दावर बकेट घालू नकोस, आधी हाताने खोदून बघ.

साहेब, आमच्या पायाखाली काय पुरले आहे ते एका म्हाताऱ्याच्या वहीत असू नये. आणि ही वही एकटी नाही. पाण्याचा प्रत्येक जुना व्हॉल्व्हमन, गटाराचा प्रत्येक जुना मुकादम डोक्यात अशी एकेक वही घेऊन फिरतो. दरवर्षी त्यातले काही निवृत्त होतात, काही देवाघरी जातात.

रस्ता झाला, आठ दिवसांत खोदला, हे रडगाणे मी गाणार नाही. त्यावर चतुर्थीच्या आरासापासून शिगम्यापर्यंत पुरेसे विनोद झाले आहेत. पणजीतल्या खोदकामाच्या धुळीचा प्रश्न तर 2024 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेला. माझे म्हणणे वेगळे आहे. न खोदता केबल आणि पाइप टाकणारी यंत्रे आपल्याकडे आली आहेत, पुढे याहून हुशार येतील. भोक पाडणारे यंत्र आले, त्याला डोळे मात्र आले नाहीत. मला त्याचीच भीती आहे.

ज्याला साइटवर सगळे एचडीडी (हॉरिझॉन्टल डायरेक्शनल ड्रिलिंग, म्हणजे आडवे भोक पाडणे) म्हणतात ते यंत्र तुम्हाला माहीत आहे, पण हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. रस्त्याच्या कडेला तिरके बसवलेले यंत्र एकेक दांडा जोडत जमिनीत ढकलत जाते. पुढच्या डोक्याला नांगराच्या फाळासारखा तिरका चपटा दात. डोके फिरवत ढकलले की सरळ जाते, न फिरवता ढकलले की दाताच्या कलाने वळते. डोक्यामागे एक छोटा ट्रान्समीटर. वर रस्त्यावर एक माणूस हातात लोकेटर घेऊन चालतो आणि ओरडतो, “एक मीटर ऐंशी, चढ दोन टक्के, बारा वाजता!” बारा वाजता म्हणजे दात वरच्या अंगाला. पलीकडे पोचले की मोठे डोके लावून भोक रुंद करत परत यायचे आणि येताना पाइप ओढून आणायचा. 1971 मध्ये कॅलिफोर्नियात मार्टिन चेरिंग्टन या ठेकेदाराने पाहारो नदीखालून गॅसची लाइन अशी नेली, तिथून ही पद्धत सुरू झाली. माझ्यासारख्या खड्ड्यात बसून कंबर मोडलेल्या माणसाला ती बघताना जादूच वाटते.

पण तो लोकेटरवाला नीट बघा. त्याला आपले डोके कुठे पोचले आहे ते दिसते. त्या डोक्यापुढे काय आहे, ते त्याला दिसत नाही. जेसीबीवाला निदान केबलच्या वर पुरलेली इशाऱ्याची पिवळी फीत वर आली तर हात आखडतो. एचडीडीला फीत दिसत नाही, वीट लागल्याचे कळत नाही, गटाराचा पाइप भेदून गेला तरी दांड्यावरचा दाब जरासा हलतो एवढेच. गटारातून अशी आरपार गेलेली गॅसची लाइन हा जगभरच्या गॅसवाल्यांच्या झोपेचा प्रश्न आहे. आज काहीच होत नाही. पुढे कधीतरी गटार तुंबते, कोणीतरी साफ करायला फिरते कटर घालतो, आणि गॅस घराघरांत शिरतो.

माझ्या बहिणीकडचेच सांगतो. तुळशीच्या लग्नाला चार दिवस होते. वृंदावन रंगवून झाले होते, दिंडे आणून भिंतीला टेकवून ठेवले होते. समोरच्या रस्त्यावर एका ठेकेदाराचे बोअरिंग चालू होते. दुपारी बहीण भांडी घासायला बाहेर आली तर वृंदावनाच्या पायथ्याशी राखाडी चिखल वर येत होता, शाडूच्या मातीसारखा गुळगुळीत, बुडबुडे काढत. रस्ता तिथून चांगली पंचवीस पावले. तिला वाटले भूकंप! तो बेंटोनाइट होता. भोक ढासळू नये म्हणून बोअरमध्ये दाबाने सोडतात तो मातीचा लगदा. आपला चिरा वरून दगड दिसतो, आतून तो मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. दाबाने सोडलेला लगदा त्यातून वाट काढत कुठेही निघतो. विहिरीचे पाणी दोन दिवस दुधी होते. बेंटोनाइट विष नव्हे, माती आहे, हे मी तिला समजावले; पण पाणी कोणी प्यायले नाही, आणि मीही नाही.

चिखल धुऊन निघाला. त्यानंतरचे निस्तरता आले नाही. मी सुपरवायझरला विचारले, बोअर नक्की कुठून गेला? त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. रेघी कागदावर पट्टीने ओढलेली सरळ रेष, दोन टोकांना दोन फुल्या. पण जमिनीत सरळ रेषेने काही जात नाही, चिरा लागला की डोके वळते, आणि लोकेटरवाला दर तीन मीटरला जो आकडा ओरडत होता तो कोणीच लिहून घेतला नव्हता. बहिणीला परसात कूपनलिका मारायची आहे. ती केबल तिच्या कुंपणाच्या आत आहे की बाहेर, हे आज कोणीही सांगू शकत नाही.

नकाशाच नव्हते असेही नाही. एकदा, एप्रिल महिन्यात, एका शहराच्या रस्त्यावर पाण्याच्या लाइनसाठी चर खोदणे चालू होते. आम्ही शंभर मीटरवर आमचे काम करत होतो. त्यांच्याकडे केबलचा नकाशा होता, सही-शिक्क्याचा. केबल रस्त्याच्या कडेपासून दीड मीटर बाहेर. त्यांनी कडेपासून दीड मीटर मोजून चुना टाकला, त्या पट्ट्याला हात लावायचा नाही असे ठरवले आणि डांबरात खोदायला लागले. शहाण्यासारखेच वागले. फक्त मध्यंतरी रस्ता त्या बाजूला दोन मीटर रुंद झाला होता. नकाशातली कड गेली, नवी कड आली, आणि केबल आता डांबराखाली, अर्धा मीटर आत. शिवाय भारतीय मानकाप्रमाणे 11 केव्हीची केबल 90 सेंटिमीटर खोल हवी, ती होती जेमतेम गुडघ्याएवढी. कारण चिरा लागला की ठेकेदाराची खोली आपोआप कमी होते, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

टिकाव पडला. आवाज फटाक्यासारखा नव्हता, जाड कापड एकदम टरकन फाटावे तसा होता. उजेड मात्र भर दुपारी भिंतीवर दिसला. टिकावाचे टोक मेणासारखे वितळून गोल झाले होते. बागलकोटकडचा तिशीतला माणूस. हात आणि चेहरा भाजला, जीव वाचला. त्याच दिवशी संध्याकाळी ती केबल जोडायला मी त्याच खड्ड्यात उतरलो. त्याची एक रबरी चप्पल तळाला होती. मी ती वर कडेला ठेवली आणि आवरण सोलायला घेतले.

तेव्हापासून मी माझ्या वहीकडेही संशयाने बघतो. गडगा, वड, मोरी, रस्त्याची कड, दुकानाची पायरी: ज्यांच्यापासून आम्ही अंतरे मोजली ती सगळी हलणारी माणसे निघाली. मोजमाप आकाशाशी बांधले पाहिजे. उपग्रहावरून जागा घेणारे रोव्हर आज दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत अचूक आकडा देते, आणि ते गोव्यातल्या कुठल्याही सर्वेअरकडे आहे. चर उघडा असतो त्या दोन दिवसांत केबलवर काठी टेकवून आकडे घेतले तर त्याहून स्वस्त सर्वेक्षण जगात नाही. एकदा माती पडली की तीच गोष्ट शोधायला रडार आणावे लागते.

रडारबद्दलही खोट्या आशा नकोत. विक्रेता येईल, बाबागाडीसारखी गाडी रस्त्यावरून ढकलेल, पडद्यावर उलट्या मिशीसारखी कमान उमटेल, आणि म्हणेल, ही बघा पाइप. मी हे प्रात्यक्षिक दोनदा पाहिले आहे. किनाऱ्यावरच्या कोरड्या रेतीत चित्र आरशासारखे येते. चिऱ्याच्या पठारावर, कडक उन्हाळ्यात, बरे येते, पण चिऱ्यातली पोकळीसुद्धा तशीच कमान काढते. अनुभवी डोळा नसेल तर पोकळीला पाइप आणि पाइपला पोकळी म्हणाल. खोलीचा आकडा तर यंत्र अंदाजानेच काढते. माती किती ओली त्यावर तरंगाचा वेग ठरतो. निव्वळ पाण्यात तो हवेतल्या वेगाच्या साधारण नवव्या हिश्श्यावर येतो. फेब्रुवारीत बसवलेला हिशेब जुलैत चालत नाही. आणि खाजन जमिनीत, पणजीच्या पाटोसारख्या भरावाच्या भागात, जिथे हातभर खाली खारे पाणी लागते, तिथे रडारचे तरंग मिठात विरून जातात. पडदा कोरा. कोरा पडदा म्हणजे खाली काही नाही असा अर्थ कोणी घेतला की संपलेच.

केबल लोकेटरचेही तसेच. चालू केबलची 50 हर्ट्झची गुणगुण तो ऐकतो, बंद केबलवर बाहेरून सिग्नल चढवून शोधतो. पण प्लास्टिकच्या पाइपपुढे तो बहिरा. आज नवी पाण्याची लाइन प्लास्टिकची, गॅसची प्लास्टिकची, फायबरचा डक्ट प्लास्टिकचा. त्यांच्यासोबत एक साधी तांब्याची तार टाकली असती तर लोकेटरला ऐकू आले असते. काही ठिकाणी टाकतात, बऱ्याच ठिकाणी विसरतात. मीटरमागे काही रुपयांची ती तार, साहेब!

म्हणून बाहेरचे लोक एका यंत्रावर विसंबत नाहीत. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये जमिनीखालच्या माहितीची प्रत, म्हणजे तिचा दर्जा, ठरलेली आहे. ड म्हणजे नुसते जुने कागद. क म्हणजे वर दिसणारी झाकणे-खांब पाहून जुळवलेले. ब म्हणजे लोकेटर, रडारने तपासलेले. अ म्हणजे प्रत्यक्ष उघडून डोळ्यांनी पाहिलेले. नकाशावरच्या प्रत्येक रेषेवर तिची प्रत लिहिलेली असते. माझी अख्खी वही या मापाने ड आहे, आणि ते ऐकून मला राग आला नाही. अ साठी तिथे आता हवेच्या झोताने माती सैल करून मोठ्या व्हॅक्यूमने ओढून घेतात, केबलला पोलादाचा स्पर्शच होत नाही. (आपल्या अखंड कातळात हे चालणार नाही, भरावात आणि मातीत सुरेख चालेल.) पर्ड्यू विद्यापीठाने 1999 मध्ये तिकडचे 71 रस्तेप्रकल्प तपासले, तेव्हा अशा शोधावर खर्चलेल्या एका डॉलरमागे 4.62 डॉलर वाचल्याचे निघाले. तिकडचा हिशेब इकडे जसाच्या तसा लागू होणार नाही. पण 2019 च्या ऑगस्टमध्ये खांडेपारला जलवाहिनी फुटून तिसवाडी आणि फोंड्याने किती दिवस टँकरमागे धावत काढले ते आठवा. जमिनीखालच्या एका वाहिनीवर दोन तालुके कसे टांगलेले असतात ते तेव्हा कळले.

आता रोबो. ब्रिटनमध्ये एसजीएन या गॅस कंपनीने यूएलसी टेक्नॉलॉजीजबरोबर एक यंत्रमानव केला. तो आधी रडार आणि चुंबकीय संवेदकांनी जमीन वाचतो, मग रस्त्याचा हवा तेवढाच तुकडा कापतो आणि हात आत घालून माती हलकेच शोषून घेतो. 2021 मध्ये चालू गॅसवाहिनीवर त्याची चाचणी झाली. त्याच घराण्यातला दुसरा एक रोबो चालू गॅसच्या जुन्या बिडाच्या नळात शिरून आतून सांधे भरत जातो, वर रस्त्यावर एकच खड्डा. शेफिल्ड, बर्मिंगहॅम, ब्रिस्टल, लीड्स या विद्यापीठांनी नळांतून आपले आपण फिरणारे छोटे रोबो घडवायला घेतले. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 2024 च्या जानेवारीत विजेच्या तारा जमिनीखाली नेण्याच्या 12 प्रकल्पांना 3.4 कोटी डॉलर जाहीर केले. त्यात गांडुळासारखे अंग आखडत-ताणत पुढे सरकणारे यंत्र आहे. त्या योजनेत नुसते भोक पाडण्याला पैसे नाहीत, वाटेत पुढे काय आहे ते हुडकणाऱ्या संवेदकांनाही आहेत. मी सुरुवातीपासून जे बडबडतो आहे ते तिथे कोणाच्या तरी आधीच लक्षात आले, एवढेच.

इतके लांब जायलाही नको. केरळच्या मुलांनी केलेला मॅनहोल साफ करणारा रोबो 2018 पासून आपल्या देशात काम करतो आहे. नाव बँडिकूट, म्हणजे आपली घूस. माणसाला मैल्यात उतरवणे 2013 च्या कायद्याने बंद आहे. तरी मरणाच्या बातम्या थांबलेल्या नाहीत, आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला भरपाई 30 लाख करावी लागली. घूस आणायची तर नुसती घाण उपसायला आणू नका. मॅनहोलमध्ये उतरलेल्या प्रत्येक यंत्राने, गटारात फिरवलेल्या प्रत्येक कॅमेऱ्याने आपण कुठे होतो, किती खोल होतो, कुठला पाइप कुठून येऊन मिळाला, ते लिहून वर आणले पाहिजे. खाजनात रडार मेले तरी पाइपच्या आतून जाणाऱ्याला खाऱ्या पाण्याचे काय? डक्टमधून ओढत नेला की वाट स्वतः मोजत जाणारा गायरो मिळतो. त्याला ना मातीशी घेणे, ना चुंबकाशी. एचडीडीच्या प्रत्येक भोकातून केबल ओढण्याआधी तो एकदा ओढा. बहिणीच्या कूपनलिकेचा प्रश्न अर्ध्या तासात सुटला असता.

केंद्राने 22 मार्च 2023 ला ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. बेबंद खोदकामाने देशाचे वर्षाला सुमारे 3,000 कोटी रुपये जातात असे तेव्हा सरकारनेच सांगितले. ॲप चांगले आहे. खोदणाऱ्याने कळवायचे, ज्याची केबल त्याने उत्तर द्यायचे. पण ज्याची केबल त्यालाच ती कुठे आहे ते ठाऊक नसेल तर उत्तर काय येणार? ‘आमची लाइन त्या भागात आहे, काळजी घ्यावी.’ अशी उत्तरे मी माझ्या नोकरीत चहाच्या कपाखाली ठेवायला वापरली आहेत.

आणि धक्का लागल्याचे लपवू नये अशीही काही सोय करा. जेसीबीचा दात केबलच्या आवरणाला लागला, केबल चालूच राहिली, तर साइटवरचा माणूस काय करतो? चिकटपट्टी गुंडाळतो आणि माती लोटतो. मीच अशा कित्येक पट्ट्या नंतर सोडवल्या आहेत. आत पाणी शिरते, पांढऱ्या एक्सएलपीईत झाडाच्या फांद्यांसारख्या रेघा वाढत जातात, आणि वर्षा-दोन वर्षांनी मुसळधार पावसात अख्खा वाडा अंधारात. गॅसचे हेच झाले तर केवळ अंधार होऊन भागत नाही. बेल्जियममधल्या गिलांगियां गावाजवळ उच्च दाबाची गॅसवाहिनी 30 जुलै 2004 ला फुटली, 24 माणसे मेली. बांधकामाच्या यंत्राने नळाला ओरखडे आधीच पाडून ठेवले होते. नळाने तेवढे दिवस सहन केले.

मला काय हवे ते सांगतो, क्रम तुम्ही लावा. ठेकेदाराचे शेवटचे बिल नकाशाच्या फाइलशिवाय सुटू नये. कागदावरची रेष नको. प्रत्येक वळणाचा उपग्रहाचा आकडा, खोली आणि प्रत. ही एक अट घातली की बाकी अर्धे आपोआप होईल, कारण ठेकेदारी मी आतून पाहिली आहे आणि तिथे शेवटचे बिल हाच देव. सगळ्या खात्यांचा नकाशा एकच असावा. सुरक्षेचे कारण पुढे येईल, ते खोटे नाही. ब्रिटननेही आपला देशव्यापी नकाशा सर्वांना उघडा ठेवलेला नाही, खोदणाऱ्या आणि मालक असलेल्या यंत्रणांनाच तो दिसतो. पण ‘आमचा डेटा’ म्हणून शेजारच्या मजल्यावरच्या खात्यापासून लपवण्यात कसली सुरक्षा? यंत्र विकत घेण्याआधी ते आपल्या तीन मातींत चालवून बघा, पठारावर, खाजनात आणि रेतीत, कोरड्यात एकदा आणि पावसात एकदा, आणि निकाल जसा येईल तसा छापा, वाईट आला तरी. दुसऱ्या देशातल्या मातीवर दिलेली हमी कुळागराच्या चिखलात कामाची नाही.

खोदणाऱ्या मजुरांची पोटे रोबोमुळे जातील असे कोणी म्हणेल. बागलकोटच्या त्या माणसाला मी नंतर एकदा फोंड्याच्या बाजारात पाहिले. डाव्या हाताची दोन बोटे मिटत नव्हती. भाजीची पिशवी त्याने कोपरात अडकवली होती. या विषयावर मला एवढेच बोलायचे आहे.

शेवटची मागणी तुम्हाला विचित्र वाटेल. जुन्या व्हॉल्व्हमनांना, लाइनमनांना, मुकादमांना हुडकून काढा. निवृत्त असतील तर रोजंदारी द्या, आणि यंत्राच्या मागे चालवा. यंत्र कमान दाखवेल, म्हातारा सांगेल ती कशाची. “ही नव्हे रे, ही जुनी बिडाची, बंद केली आहे, नवी पलीकडून.” मेलेली लाइन आणि जिवंत लाइन यांतला फरक रडारला कळत नाही. हा फरक ठाऊक असलेली माणसे अजून आहेत, पण फार वर्षे असणार नाहीत. एकाला तर गेल्या चतुर्थीनंतर माणसे ओळखू येत नाहीत. व्हॉल्व्हचे विचारले की अजून बरोबर सांगतो.

माझ्यापुरते, वही मी देतो. पाने स्कॅन करा, मूळ परत द्या, बायकोने पुठ्ठ्याला नवे कव्हर घातले आहे. बाणस्तारीपासून फोंड्यापर्यंतचा कुठलाही एक किलोमीटर निवडा. फेब्रुवारीत या, जमीन कोरडी असते. सकाळी सातला, ऊन तापायच्या आत. रडार, लोकेटर, रोव्हर जे असेल ते आणा आणि ती फोन करणारी मुलगीही आणा. जिथे वही आणि यंत्र जुळेल तिथे खूण करू. नाही जुळले तिथे उघडून बघू.

पान 63 वर एक जागा आहे. 2009 मधली नोंद, अक्षर माझेच. जॉइंटच्या खाली आणखी एक जाड काळी केबल आडवी गेलेली मला दिसली होती. कोणाची ते कुठल्याच खात्याने सांगितले नाही, सगळे म्हणाले आमची नव्हे. चालू आहे की बंद, तेही मला तपासता आले नाही, संध्याकाळ झाली होती आणि माती लोटायची घाई होती. तिथे मी नुसते प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे. सुरुवात तिथून करू.

आपला विश्वासू,
एक निवृत्त केबल जॉइंटर
फोंडा, गोवा